भाडं वाढवा, पण लाईट तोडू नका

प्रश्न : मी घणसोली गावात राहते, वय ५८. मिस्टर तीन वर्षांपूर्वी गेले. खाली मी, मुलगा आणि सून राहतो, वरच्या तीन रूम भाड्याने दिल्या आहेत. नवी मुंबई वसवताना आमची जमीन सिडकोत गेली, त्यामुळे आता या रूमच आमची शेती. मधल्या रूममध्ये जालन्याकडचं एक कुटुंब चार वर्षं आहे. नवरा-बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. भाडं साडेसात हजार, डिपॉझिट तीस हजार. पहिल्या वर्षी एजंटने स्टॅम्प पेपरवर नोटरी करून कागद दिला होता, नंतर कोणी काही केलं नाही. भाडंही मी चार वर्षांत एक रुपया वाढवलं नाही. दिवाळीनंतर त्याची रबाळ्याची कंपनी बंद झाली आणि दोन महिन्यांचं भाडं राहिलं. आता तो मार्केटमध्ये टेम्पो चालवतो, चालू भाडं देतो, पण मागचे पंधरा हजार निघत नाहीत. मुलगा म्हणतो, वरचा मेन स्विच बंद कर, आठ दिवसांत जातील. कंप्युटर कंपनीतली चार पोरं साडेनऊ हजार द्यायला तयार आहेत. डिपॉझिट तर मुलीच्या लग्नात खर्च झालं. त्या भाडेकरू बाईची एक तक्रार लाईटची आहे, मुलगा युनिटला बारा रुपये लावतो म्हणून, आणि दुसरी भिंतीला ओल येते म्हणून. माझी साखर एकदा रात्री उतरली, मुलगा नाइटला होता, तेव्हा तिनेच रिक्षा करून मला दवाखान्यात नेलं होतं. म्हणून जीव धजत नाही. भाडं वाढवलं तर पाप लागेल का? नाही वाढवलं तर मुलगा म्हणतो मी खुळी आहे.

– एक घरमालकीण, घणसोली

उत्तर :

ताई, तुम्ही बरंच काही विचारलंय, पण त्यातली एक गोष्ट आजच्या आज मिटायला हवी. वरचा मेन स्विच. त्याला मुलाने हात लावायचा नाही, रागात नाही आणि 'फक्त एका रात्रीपुरता' म्हणूनही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे सबळ कारणाशिवाय मालकाला भाडेकरूची वीज, पाणी, संडासाची सोय तोडता येत नाही. भाडं वसूल करायला कोर्टाचा रस्ता आहे, वायर कापणं हा तो रस्ता नव्हे. उद्या ती बाई कोर्टात गेली तर कोर्ट आधी वीज जोडून द्यायला लावील, तुमचं गाऱ्हाणं त्यानंतर ऐकेल. आज पंधरा हजार येणं असलेला तुमचा मुलगा उद्या उत्तरं देत उभा राहील. आणि वर दोन लहान मुलं झोपतात, हे कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, ते मी सांगतेय.

आता पापाचं. भाडं वाढवणं हे पाप नाही, ताई. घरपट्टी वाढते, गवंड्याची मजुरी वाढते, तुमची औषधं महागतात, तर भाडंही वाढणार. उलट चार वर्षं एक रुपया न वाढवणं ही तुम्हाला वाटते तेवढी मोठी दया नव्हती. सवय दोघींनाही लागली, तिला साडेसात हजारांची आणि तुम्हाला गप्प बसण्याची. आता एकदम दोन हजारांची उडी मारायची वेळ आली की तिला तो अन्याय वाटणार आणि तुम्हाला कृतघ्नपणा. दरवर्षी अडीचशे-तीनशे वाढवणारी मालकीण भाडेकरूला फार बरी, निदान तिला महिन्याचा हिशेब बांधता येतो. आपल्या कायद्यात जुन्या भाडेकरूंसाठी वर्षाला ४ टक्के वाढीची तरतूद आहे. लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या कराराला, ती लागू नाही, तिथे दोघांत ठरेल ते खरं. पण माप म्हणून ४ टक्के वाईट नाहीत. तुम्ही दरवर्षी तेवढे वाढवले असते तर आज भाडं पावणेनऊ हजारांच्या आसपास असतं. साडेआठ मागितले तर तुम्ही लोभी ठरत नाही.

पण 'मागितले' म्हणजे कसे? इथे मुलाच्या मनात जी भीती आहे ती काढायला हवी, कारण माझ्या मते तुमच्या घरातला निम्मा घोळ त्या भीतीने केलाय. कागद केला की भाडेकरू घर बळकावतो, असं तो म्हणत असणार. घणसोली, कोपरखैरणे, दिघा, कळवा, दिवा, कुठेही जा, चाळमालक हेच म्हणतात आणि म्हणून नोटरीवर भागवतात. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, भाडेकरूवर नाही. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षेचं राहू द्या, पुढची गोष्ट मुलाला मुद्दाम वाचून दाखवा : नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. उद्या ती म्हणाली, डिपॉझिट तीस नाही, साठ हजार दिलंय, तर तीसच होतं हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर. ती तसं म्हणणारी बाई नाही, हे तुमच्या पत्रावरून मला दिसतंय. पण तुमचं घर तिच्या चांगुलपणावर टेकून उभं आहे, आणि मुलगा तिचीच वीज कापायला निघालाय.

नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स असेल आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर कलम २४ प्रमाणे मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करून ताबा मागता येतो, आणि मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं नुकसानभरपाई म्हणून लागतं. दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं चपला झिजवण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी सरळ आहे. मुलाला जे संरक्षण हवंय ते याच कागदात आहे, आणि तो त्यालाच घाबरतोय. तुमचा आत्ताचा कागद पाहता ते कुटुंब लायसन्सवर आहे की भाडेकरू आहे, याच वादात दोन-चार वर्षं निघून जातील.

खर्चाचं म्हणाल तर लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क लागतं एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं. महापालिकेच्या हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. अकराच महिन्यांचा करार करायला हवा असं काही नाही, साठ महिन्यांपर्यंत याच दराने करता येतो. तुम्ही चोवीस महिन्यांचा करा. मी सुचवतेय तसं भाडं ठेवलंत (पुढे सांगते) तर शुल्क होतं साधारण ५०० रुपये. नोंदणी फी, ऑनलाइनचे किरकोळ आकार आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची फी धरूनही ही रक्कम दोघींत वाटली की कोणाच्या जिवावर येणार नाही. वाटून घ्याच. काही मालक सगळा खर्च भाडेकरूवर ढकलतात आणि दर अकरा महिन्यांनी पुन्हा ढकलतात. म्हणून भाडेकरू कराराचं नाव काढलं की तोंड वाकडं करतो, आणि मग मालकच म्हणतो, बघा, याला कागद नकोय.

त्या बाईलाही हा कागद हवाच आहे, फक्त ती तोंडाने म्हणणार नाही. मुलाला आरटीईतून शाळेत घालायचं तर भाडेकराराची नोंदणी विचारतात. गॅस, बँक, सगळीकडे पत्ता लागतो. चार वर्षं घणसोलीत राहून तिच्याजवळ घणसोलीत राहत असल्याचा धड पुरावा नाही.

आता लाईट. हा विषय मला आवडतो, कारण यात मालक आणि भाडेकरू दोघंही एकमेकांना चोर समजतात आणि बहुतेक वेळा दोघंही चोर नसतात. तुम्ही लिहिलं नाही, पण युनिटला बारा रुपये लावताय त्यावरून वरच्या तीन रूमना मिळून महावितरणचा एकच मीटर आणि आत तीन सबमीटर असं असणार. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, मग ५०० पर्यंत तिसरा, आणि त्याच्या वर चौथा. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की दर दुपटीच्या घरात जातो. समजा तिन्ही रूम नव्वद-नव्वद युनिट जाळतात. प्रत्येकीला आपला मीटर असता तर तिघीही पहिल्या टप्प्यातच राहिल्या असत्या. एका मीटरवर त्यांची बेरीज २७० होते, म्हणजे १७० युनिटना वरचा दर लागतो. तिने पंखा आणि दोन बल्बच लावले तरी बिल शेजारच्या रूमच्या कूलरसकट वरच्या दराने येतं. तिला वाटतं मालक लुटतोय, मुलाला वाटतं ही बाई वीज जाळते, आणि दोघांचेही पैसे टप्प्यात जातात.

मुलगा प्रामाणिक आहे का, हे बघायला वकील लागत नाही. गेल्या सहा महिन्यांची बिलं काढा. एकूण बिल भागिले एकूण युनिट. उत्तर बाराच्या आसपास आलं तर तो बरोबर आहे, आणि तसं ते येऊ शकतं, कारण स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क हे सगळं त्यात बसतं. उत्तर नऊ किंवा दहा आलं तर वरचे दोन-तीन रुपये गुपचूप भाड्यात जमा होतायत, ते बंद करा. भाडं वाढवायचं असेल तर भाडं म्हणून वाढवा, लाईटच्या आडून नको. आणि बिलाचा फोटो दर महिन्याला तिघींना व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. तेवढ्याने भांडण निम्मं होतं.

कायमचा उपाय म्हणजे तीन वेगळे मीटर. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ प्रमाणे मालक किंवा तिथे राहणारा, कोणीही अर्ज केला तरी वीज कंपनीने जोडणी द्यायची असते. भाडेकरूच्या नावावर मीटर नको वाटत असेल, तर तिन्ही स्वतःच्या नावावर घ्या आणि ज्याचं बिल त्याने परस्पर भरावं. प्रत्येक मीटरचा स्थिर आकार वेगळा लागेल, तो धरूनही माझ्या हिशेबाने नव्वद युनिट जाळणाऱ्या रूमचे महिन्याला दोन-तीनशे रुपये वाचावेत. म्हणजे तुम्ही पुढे जी भाडेवाढ मागणार, त्यातला बराच भाग तिला इथूनच सुटतो. तुमच्या खिशातून काही न जाता.

पैशाचं गणित आता करू, मुलाला शेजारी बसवून. चार पोरं साडेनऊ देणार. पोरं वाईट असतात असं मी म्हणत नाही, ऐरोली-महापेच्या कंपन्यांत राबणाऱ्या मुलांना रूम कोण देतं, हे एक वेगळं रडगाणं आहे. पण रूम रिकामी करून रंग काढून पुन्हा लागेपर्यंत एक महिना जातो. अकरा महिन्यांचे साडेनऊप्रमाणे १,०४,५००. त्यातून रंगरंगोटी सात हजार धरा. राहिले ९७,५००. एजंटने तुमच्याकडूनही महिन्याचं भाडं घेतलं, तर ८८,०००. आता याच कुटुंबाला ठेवलं तर? मागचे पंधरा हजार फिटेपर्यंत भाडं वाढवू नका, साडेसात भाड्याचे आणि दीड हजार थकबाकीचे, असे नऊ हजार दहा महिने घ्या. पंधरा हजार फिटले. अकराव्या महिन्यापासून साडेआठ. पहिल्या वर्षाचं निव्वळ भाडं झालं ९२,०००. म्हणजे पहिल्या वर्षी मुलाच्या योजनेत तुम्हाला फार तर साडेपाच हजार जास्त मिळतात, नाहीतर चार हजार कमी.

दुसऱ्या वर्षापासून मात्र पोरांचं भाडं महिन्याला हजार रुपयांनी जास्त, हे खरं आहे, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पोरं टिकली तर. त्यांची नोकरी बदलली की पुन्हा रंग, पुन्हा एजंट, पुन्हा एक महिना कुलूप. महिन्याच्या हजार रुपयांना ओळखीचं, वेळेवर देणारं, पाण्याचा नळ गळला तर खाली येऊन सांगणारं कुटुंब मिळत असेल, तर मी ठेवलं असतं. तुम्हाला हजार जास्त मोलाचे वाटले तर तेही चुकीचं नाही, घर तुमचं आहे. मग त्यांना मे महिन्यापर्यंत वेळ द्या. शाळा चालू असताना पोराबाळांना उठवायचं नाही, एवढंच.

आणि त्या रात्रीच्या रिक्षाचं. तिने तुम्हाला दवाखान्यात नेलं ते शेजारीण म्हणून नेलं. ते भाड्यातून वळतं करू नका, दोन्ही बाजूंनी. 'तिने माझा जीव वाचवला म्हणून मी भाडं मागू शकत नाही' असं तुमच्या मनात आहे. आज ना उद्या मुलाचा राग त्याच उपकारावर निघेल आणि तुम्हाला वाटायला लागेल की तिने ते भाड्यासाठीच केलं होतं. तिलाही असं वाटायला नको की हे घर टिकवायचं तर मालकिणीची साखर सांभाळायला हवी. कित्येक घरांत भाडेकरूची बायको मालकिणीचं दळण आणते, पापड लाटून देते, आणि ती मदत आहे की भाड्याचा हप्ता, हे दोघींनाही सांगता येत नाही. भाडं कागदावर असू द्या. मग दळण हे दळण राहतं.

डिपॉझिट खर्च झालं, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथे थांबते. ते तीस हजार तुमचे नव्हते, ताई. तिचे होते, तुमच्याकडे ठेवलेले. मुलीचं लग्न होतं, हे मला समजतं, आणि असं करणाऱ्या तुम्ही गावातल्या पहिल्या नाही. पण परिणाम बघा : तिने उद्या जायचं म्हटलं तर तुम्ही तिला पैसे देऊ शकत नाही, म्हणून तिला बांधून ठेवणार. किंवा रंगाचे इतके, खिळ्यांचे इतके, असं करत ते शून्यावर आणणार. डिपॉझिटवरून होणारी बहुतेक भांडणं इथूनच निघतात. मालक लबाड असतोच असं नाही, पैसे संपलेले असतात. २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांसाठी नमुना भाडे कायदा काढला, त्यात राहत्या घराला दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट नको असं म्हटलंय. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो, त्यामुळे तो आकडा तुमच्यावर बंधनकारक नाही, पण तुम्ही चार महिन्यांचं घेऊन बसलात हे लक्षात असू द्या. दर महिन्याला दीड हजार थकबाकीचे येतील ना, ते घरखर्चात घालू नका. पोस्टात नाहीतर बँकेत रिकरिंगला टाका. दहा महिन्यांत निम्मं डिपॉझिट परत उभं राहील. बाकीचं मुलाने भरावं, लग्न त्याच्याही बहिणीचं होतं.

जाताना काय कापायचं तेही करारात लिहा. थकलेलं भाडं, न भरलेलं लाईट बिल, फोडलेलं बेसिन, हे कापा. चार वर्षं राहिलेल्या घराचा रंग उडाला, कडी सैल झाली, तर ती राहण्याची झीज आहे, तिचे पैसे भाड्यातच येऊन गेले.

ओलीबद्दल मी फार बोलणार नाही. घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम, वेगळं लेखी ठरलं नसेल तर कायदाही तेच म्हणतो. भिंत वरून भिजते की बाहेरून, हे गवंड्याला दाखवून पावसाआधी काम करून घ्या. जुलैत गवंडी फोन उचलत नाही. आणि साडेआठ हजार मागायला जाल, तेव्हा भिंत कोरडी असलेली बरी.

तुम्ही म्हणालात, या रूमच आमची शेती. हे वाक्य मी दोनदा वाचलं. १९७० मध्ये सिडको आली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि पनवेल-उरणच्या गावांची जमीन गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले, आणि शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे उभं राहून लढलेल्यांमुळे साडेबारा टक्क्यांची, म्हणजे घेतलेल्या जमिनीतली तेवढी विकसित जमीन परत देण्याची, गोष्ट पुढे आली. त्यामुळे घणसोलीतल्या घरमालकिणीला कोणी 'शेठ' म्हणालं की मला हसू येतं. तीन रूमवर तीन माणसं आणि औषधं चालवणारी बाई कसली शेठ! पण एक विचारते. वरच्या माणसाने तोंडी सांगायचं, उद्या बघू, परवा बघू, आणि खालच्याने कागद नाही म्हणून गप्प बसायचं, हे तुमच्या सासऱ्यांच्या पिढीने किती सोसलं? तुमच्या जिन्यावर आज ती वरची बाजू तुमची आहे. तुम्ही गरीब असाल, पण किल्ली तुमच्याकडे आहे, स्विच तुमच्याकडे आहे, डिपॉझिट तुमच्याकडे आहे (होतं!). सगळं तोंडी ठेवलं की ज्याच्या हातात किल्ली, त्याचंच खरं होतं. तुम्ही चांगल्या आहात म्हणून आजवर तिचं निभलं. तुमच्यानंतर किल्ली मुलाकडे जाणार आहे.

तिला बोलवाल तेव्हा मुलगा घरी असू द्या, पण बोला तुम्ही. जिन्यात नको, घरात बसून. तिच्या नवऱ्यालाही बोलवा, मार्केट पहाटेचं असतं, दुपारी तो मोकळा असेल. थकबाकीचा कागद वेगळा करा : पंधरा हजार, दहा हप्ते, दोघांच्या सह्या. तो भाडेकरारात मिसळू नका. आणि हप्ता असो की भाडं, प्रत्येक पैशाची पावती द्या. पावती देणं कायद्यानेही मालकाचं कर्तव्य आहे. जीपेवर आलं तर तीच नोंद पुरते, रोख आलं तर वहीत लिहून दोघींनी सही करा. एखाद्या महिन्यात त्याला टेम्पोचं काम कमी मिळालं आणि दीड हजाराऐवजी पाचशेच आले तर काय, हेही त्याच दिवशी ठरवा. माझ्या मते एखादा हप्ता पुढे ढकलायची मुभा द्यावी, चालू भाडं मात्र थकू देऊ नये. चालू भाडं पुन्हा दोन महिने थकलं, तर करारातल्या अटीप्रमाणे नोटीस द्या. तेव्हा मन घट्ट करा. त्यात अन्याय नाही, तुम्हीही त्याच भाड्यावर जगता.

करार झाला की भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या, नवी मुंबई पोलीस ती मागतात आणि ऑनलाइनही भरता येते. गावठाणातल्या घराला बिल्डिंगसारखे कागद नसतात, म्हणून नोंदणीला कचरू नका. घरपट्टीची पावती आणि लाईट बिल घेऊन नोंदणी व मुद्रांक विभागाच्या अधिकृत सेवा केंद्रवाल्याकडे जा आणि काय चालेल ते त्याच्याकडूनच विचारून घ्या. चौकशीचे पैसे मागितले तर दुसऱ्याकडे जा. दोन साक्षीदार लागतील, सगळ्यांची आधार कार्डं लागतील. भांडी-धुणी करून तुमच्या बोटांचे ठसे पुसट झाले असतील तर मशिन पटकन घेत नाही, म्हणून आदल्या रात्री बोटांना थोडं तेल चोळून ठेवा आणि सकाळी साबणाने स्वच्छ धुऊन जा.